गढूळ पाण्यासाठी गॉगल

सकाळी नऊचा सुमार. वरळीच्या किंवा नरिमन पॉइंटच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, उभं राहून समोर पाहिलं, तर पाणी असं दिसतच नाही. दिसतो तो आभाळाचा पांढुरका पत्रा. तंगुसाचा दोरा त्या पत्र्यात कुठे शिरला, पायाखालचा खडक पाण्याखाली किती पुढे गेलाय, गळ परत ओढताना तो कालवांच्या धारदार कपारीकडे चाललाय की मोकळ्या वाळूकडे, यातलं काहीच कळत नाही. जुने कोळी अशा वेळी भुवयांवर तळहाताची छपरी धरतात, मान जराशी तिरकी करतात आणि चकाकीतून वाट काढत पाणी बघतात. पोलराइज्ड गॉगल हेच काम करतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो.

तो घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. डोंगरातल्या नितळ ओढ्यात किंवा प्रवाळाच्या समुद्रात असा गॉगल लावला, की तळाशी फिरणारा मासा दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर तसं होत नाही. इथे खाड्यांचा गाळ आहे, भरती-ओहोटी तो सतत ढवळत असते आणि पाणी बहुतेक दिवस चहासारखं असतं. गाळात अडलेली नजर कुठलीही काच मोकळी करू शकत नाही. काच काढते ती फक्त पृष्ठभागावरची चकाकी. म्हणून मुंबईत गॉगल निवडताना ‘मासा दिसेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. विचारायचं ते हे, की दोरा दिसेल का, बुडालेला खडक दिसेल का, बोय माशांचा थवा वळला की पाण्यावर उठणारी थरथर दिसेल का, आणि ओहोटीला खाडीचं तपकिरी पाणी समुद्राच्या हिरवट पाण्याला भिडतं ती शिवण दिसेल का. मनोरीच्या किंवा माहीमच्या खाडीच्या तोंडाशी ही शिवण ओळखता आली, तर अर्धं काम झालं. खाडीतून वाहून येणारं खाणं त्या रेषेवर गोळा होतं, आणि जिताडा नि रावस तिच्या कडेकडेने फिरतात.

हे सगळं होतं कसं, तेही समजून घ्यायला हवं, कारण निवडीतले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. सूर्याच्या प्रकाशलहरी सगळ्या दिशांना हेलकावत येतात. आडव्या, सपाट पाण्यावरून त्या तिरप्या परतल्या, की त्यांतला आडवा हेलकावा जास्त उरतो. डोळ्यांना दिपवणारी चकाकी ती हीच. गॉगलमधला पोलराइज्ड पदर फक्त उभा हेलकावा आत सोडतो आणि आडवा अडवतो. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये या परतीच्या प्रकाशाचा नियम मांडला. त्यांच्या नियमानुसार असा एक खास कोन असतो, आणि पाण्यासाठी तो उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांचा येतो. नजर त्या कोनात पडली की परतणारा सगळा प्रकाश आडव्या हेलकाव्याचा असतो, आणि गॉगल तो जवळजवळ पूर्ण पुसून टाकतो.

गळ टाकणाऱ्यासाठी यातून एक सोपा हिशेब निघतो. पाण्यापासून आपले डोळे जितके उंच, त्याच्या १.३३ पट अंतरावर पाणी सर्वांत स्वच्छ दिसतं. डोळे पाण्यापासून तीन मीटर वर असतील, तर चार मीटरवर. पावणेतीन पट अंतरापर्यंत, म्हणजे या उदाहरणात आठ मीटरपर्यंत, काम उत्तम चालतं. साडेपाच-सहा पटींच्या पुढे मात्र परतणाऱ्या प्रकाशातला जवळपास एक तृतीयांश भाग पदरातून निसटतो आणि पांढरा पत्रा पुन्हा दिसू लागतो. चाळीस मीटरवर फेकलेलं आमिष कुठे पडलं हे पाहायला गॉगल फारसा उपयोगी नाही. त्याची किंमत कळते ती शेवटच्या आठ-दहा मीटरांत. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर दोरा कापला जातो तो बहुतेकदा तिथेच, आणि लागलेला मासा हातचा सुटतो तोही तिथेच.

भरती-ओहोटीने हा हिशेब तासातासाला बदलतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक कधी कधी चार मीटरच्या वर जातो. एकाच टेट्रापॉडवर उभं राहिलं आणि भरतीला डोळे पाण्यापासून तीन मीटरवर असले, तर ओहोटीला ते सात मीटरवर जातात. स्वच्छ दिसणारी जागा चार मीटरवरून सव्वानऊ मीटरवर सरकते. म्हणून खडकांची मांडणी पाहून ठेवायची ती ओहोटीला, उंचावरून. पाणी चढल्यावर त्याच जागी गळ टाकताना ती आठवण कामी येते. भांगाच्या, म्हणजे सौम्य भरती-ओहोटीच्या, दिवसांत हा फरक जेमतेम दीड-दोन मीटरांवर येतो आणि एवढी धावपळ लागत नाही.

सूर्याचंही असंच आहे. तो क्षितिजापासून ३७ अंशांच्या, म्हणजे उभ्या रेषेपासून त्याच ५३ अंशांच्या, आसपास असतो तेव्हा त्याची पाण्यावरची चकाकती वाट गॉगल सर्वांत चांगली पुसतो. मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या शेवटी मुंबईत ही वेळ सकाळी सव्वानऊ आणि दुपारी चारच्या सुमाराला येते. त्यानंतर सूर्य समुद्रात उतरू लागतो आणि वांद्र्याच्या बँडस्टँडवर पश्चिमेला तोंड करून बसलेल्यांच्या डोळ्यांत सरळ शिरतो. हा प्रकाश पाण्याला अगदी घासून येतो, त्यामुळे त्यातला बराच भाग पदरातून पार होतो. संध्याकाळी गॉगल ‘काम करत नाही’ अशी तक्रार असते ती यामुळेच, आणि त्यावर महागडी काच हा उपाय नाही. रुंद पुढ्याची टोपी घालावी, पुढ्याचा आतला भाग गडद रंगाचा असावा, आणि शक्य असेल तर सूर्याची वाट थोडी उजवी-डावीकडे राहील अशी जागा बदलावी.

आता काचेकडे येऊ. पोलराइज्ड पदर म्हणजे ताणून आयोडीन किंवा रंगद्रव्य दिलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. ती दोन थरांमध्ये सँडविचसारखी बसवलेली असते. ते थर कशाचे, यावर गॉगलचं आयुष्य ठरतं. स्वस्तातल्या बहुतेक गॉगलमध्ये टीएसी नावाचा हलका पदार्थ असतो. दिसायला तो स्पष्ट असतो, पण मऊ असतो, लवकर चरे धरतो आणि मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत कडेने उसवू लागतो. काचेच्या काठाशी पांढरट बुडबुडे किंवा इंद्रधनुष्यासारखी किनार दिसली, की पदर सुटायला लागला असं समजावं. तो परत चिकटत नाही. खरी काच सर्वांत स्पष्ट आणि चऱ्यांना दाद न देणारी, पण जड, आणि डोळ्यापुढे फुटली तर अनर्थ. मधला मार्ग पॉलिकार्बोनेट किंवा नायलॉनच्या काचेचा. पॉलिकार्बोनेटमध्ये कडेकडेने रंगांची बारीक झालर जाणवू शकते. नायलॉन त्याहून स्पष्ट, आणि महाग.

आमचं मत इथे पक्कं आहे. खडकावरून शिसं फेकणाऱ्याने पॉलिकार्बोनेट किंवा नायलॉनच घ्यावं. कारण गोळी, म्हणजे दोऱ्याला वजनासाठी बांधलेलं शिसं. गळ कपारीत अडकला की माणूस रॉड वाकवून ओढतो, दोरा रबरासारखा ताणला जातो आणि गळ अचानक सुटला की साठ-ऐंशी ग्रॅमचं शिसं सरळ चेहऱ्याकडे येतं. त्या क्षणी डोळ्यांपुढे काय आहे, याला महत्त्व आहे. दांडीच्या आतल्या बाजूला ‘झेड८७+’ (Z87+) असं छापलेलं असेल तर तो गॉगल जोराच्या आघाताच्या चाचणीला उतरलेला असतो. (अडकलेला गळ सोडवायची रीतही सांगून ठेवावी. रॉड दोऱ्याच्या सरळ रेषेत धरायचा, दोरा गुंडाळलेली रीलची फिरकी हाताने घट्ट रोखायची, तोंड बाजूला वळवायचं आणि मागे चालत जायचं. रॉड वर उचलून झटके द्यायचे नाहीत.)

गडदपणाचा गोंधळ फार असतो. काच किती काळी आणि ती अतिनील किरण किती अडवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरणांसाठी ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं हवं. ते नसलेली काळीभोर काच साध्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. काळेपणासाठी ० ते ४ अशा श्रेणी असतात. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, दुसरी १८ ते ४३ टक्के. चौथी फक्त ३ ते ८ टक्के सोडते आणि गाडी चालवायला ती अयोग्य मानतात. मुंबईच्या किनाऱ्यासाठी एकच गॉगल घ्यायचा तर तिसऱ्या श्रेणीतला, पण तिच्या फिकट टोकाकडचा, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपासचा घ्यावा. पावसाळी आभाळासाठी किंवा पवई तलावाच्या झाडांच्या सावलीतल्या काठासाठी दुसरी श्रेणी बरी.

रंगाबद्दल दुकानात जे सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा आरशाच्या मुलाम्याबद्दल असतं. बाहेरून निळा, हिरवा, केशरी चमकणारा तो मुलामा थोडा प्रकाश परतवतो, एवढंच. डोळ्याला जग कसं दिसेल हे ठरवतो तो आतल्या काचेचा रंग. गॉगल उलटा करून पांढऱ्या कागदावर धरला की तो कळतो. राखाडी काच सगळे रंग जसेच्या तसे, फक्त मंद करून दाखवते. खोल समुद्रात बोटीवरून सुरमईमागे जाणाऱ्यांना ती चालते, कारण तिथे प्रखरपणा हाच मोठा त्रास असतो. किनाऱ्यावर मात्र तांबूस किंवा तपकिरी काच घ्यावी. ती निळा प्रकाश थोडा जास्त कापते. हवेतल्या धुरक्यात जो विखुरलेला प्रकाश नजर पुसट करतो, त्यात निळ्याचा वाटा मोठा असतो. तो कमी झाला की तपकिरी आणि हिरवट पाण्यातला फरक उठून दिसतो. शेवाळाने निसरडा झालेला खडक आणि नुसता ओला खडक यांतला फरकही त्यामुळे चटकन कळतो, आणि टेट्रापॉडवर पाय टाकताना माशापेक्षा तो महत्त्वाचा.

पिवळ्या काचेचे ‘रात्रीचे पोलराइज्ड’ गॉगल मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. पोलराइज्ड पदर, मग तो कितीही उत्तम असो, निम्मा प्रकाश अडवतोच. अंधारात निम्मा प्रकाश घालवून जास्त दिसेल, असं होणं शक्य नाही.

दुकानात तपासणी कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण कुलाबा कॉजवेपासून लिंकिंग रोडपर्यंत ‘पोलराइज्ड’चं स्टिकर कशावरही चिकटलेलं दिसतं. विक्रेता एक छोटं चित्र पुढे करतो. साध्या डोळ्यांना ते कोरं दिसतं आणि गॉगलमधून त्यात मासा किंवा गाडी दिसते. याने पदर आहे एवढं सिद्ध होतं. तो सरळ बसवलाय की तिरका, हे कळत नाही. त्यासाठी काचेचा काउंटर किंवा चकचकीत फरशी शोधावी. तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरकं दिसेल असं उभं राहावं. गॉगल डोळ्यांपुढे अगदी आडवा धरावा आणि एक डोळा मिटावा. प्रतिबिंब जवळजवळ विझलं पाहिजे. मग गॉगल हळूहळू फिरवत उभा करावा. प्रतिबिंब परत उजळलं पाहिजे. आता दुसऱ्या डोळ्याने तेच. स्टीलच्या काउंटरवर किंवा आरशावर हे करून पाहू नये, कारण धातूवरून परतणारा प्रकाश असा एका दिशेला लागत नाही आणि चांगला गॉगलही तिथे नापास होतो.

फिरवताना नीट बघायचं ते हे, की सर्वांत विझलेली स्थिती गॉगल आडवा असतानाच येते की थोडा तिरका केल्यावर. पाच अंशांचा फरक असला तर चकाकीचा एक टक्कासुद्धा निसटत नाही, दहा अंशांना तीन टक्के. एवढं चालून जातं, आणि म्हणूनच उतरत्या खडकावर मान किंचित कलली तरी गॉगल काम करतो. वीस अंशांना बारा टक्के निसटतात, तीसला पाव भाग. त्याहून त्रासाचं म्हणजे दोन्ही काचांचा कल वेगळा असणं. एका डोळ्याला पाणी काळं आणि दुसऱ्याला चमकतं दिसलं, की मेंदू दोन्ही चित्रं जुळवत बसतो आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. अशा गॉगलने ‘डोकं चढतं’ म्हणून लोक पोलराइज्डच नको म्हणतात. दोष त्या जोडीतल्या काचांचा असतो.

दुसरी तपासणी वाकडेपणाची. गॉगल हातभर लांब धरून काचेतून खिडकीचा गज किंवा दाराची चौकट बघावी आणि गॉगल सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे हलवावा. गज लाटेसारखा वळला, तर ती काच सोडून द्यावी. मोबाइलच्या पडद्यावरची तपासणी बेभरवशाची आहे. काही पडदे उभे धरल्यावर काळे होतात, काही आडवे, काही तिरके, काही होतच नाहीत. तरी आपला मोबाइल कोणत्या बाजूला धरल्यावर काळा पडतो हे दुकानातच पाहून ठेवावं, नाहीतर भरतीचं वेळापत्रक बघताना बॅटरी संपली असं वाटायचं. आणि परतीच्या वाटेवर टॅक्सीच्या मागच्या काचेत निळसर ठिपक्यांची नक्षी दिसली तर घाबरू नये. कडक केलेल्या काचेतला ताण तसा दिसतो. तो दिसला म्हणजे गॉगल खरा आहे.

फ्रेमचं थोडक्यात. बाजूने आणि वरून शिरणारा प्रकाश काचेच्या आतल्या पृष्ठभागावर पडून डोळ्यात येतो, म्हणून चेहऱ्याला वळसा घालणारी, रुंद दांड्यांची फ्रेम हवी. ती आतून काळी, मंद रंगाची असावी. पांढरी फ्रेम दिसायला छान, पण गालावरचा प्रकाश काचेवर फेकते. मात्र फ्रेम इतकीही चिकटून बसू नये की हवाच फिरणार नाही. ऑक्टोबरच्या घामात अशी काच दर पाच मिनिटांनी धुरकटते. भुवईपाशी करंगळीचं टोक सरकेल एवढी फट असावी. नाकावर आणि कानामागे रबर असावं. बिजागरीचा स्क्रू साध्या लोखंडाचा असेल तर एका पावसाळ्यात गंजतो, त्यामुळे स्टेनलेस स्टील किंवा प्लास्टिकची खुंटी बघावी. दोरी लागतेच, आणि होडीवर जाणाऱ्याने तरंगणारी दोरी घ्यावी, कारण बहुतेक गॉगल बुडतात. टेट्रापॉडच्या फटीत पडलेला गॉगल समुद्राला दिला असं समजावं. त्यामागे कुणी उतरू नये.

चष्मा असणाऱ्यांपुढे तीन वाटा आहेत. चष्म्यावर अडकवायची क्लिप सर्वांत स्वस्त, पण दोन काचांमध्ये मीठ साचतं आणि चरे पडतात. चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल दिसायला बोजड, तरी बाजू झाकत असल्याने पाण्यावर उत्तम. नंबरची पोलराइज्ड काच बनवून घेणं सर्वांत सुखाचं, पण चष्मेवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. एक म्हणजे कोऱ्या काचेवर पदराची आडवी दिशा दाखवणाऱ्या खुणा असतात, त्या फ्रेममध्ये अगदी आडव्या बसल्या पाहिजेत. दुसरं, मागच्या बाजूला प्रतिबिंबरोधक मुलामा द्यावा, नाहीतर आपलाच डोळा काचेत दिसत राहतो. नंबर मोठा असेल तर फार वळणाची फ्रेम घेऊ नये, कडेचं दृश्य वाकतं. आणि चाळिशी लागली असेल तर खाली जवळचा नंबर हवाच. गाठ मारताना गॉगल कपाळावर सरकवून दोरा दातात धरायचा, याने ना गाठ नीट बसते ना काच टिकते.

घरी आल्यावर काच सदऱ्याच्या टोकाने पुसायची नाही. तिच्यावर वाळलेल्या मिठाचे कण असतात, आणि मऊ कापडाखालीही ते मुलामा खरवडतात. आधी गोड्या पाण्याच्या धारेखाली धरायची, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवायचा. बिजागरीत, नाकाच्या रबरामागे आणि काचेच्या खोबणीतही पाणी जाऊ द्यायचं, आणि मग मायक्रोफायबरने टिपायचं. नेलपेंट काढायचं पातळ द्रव्य किंवा थिनर काचेला लावू नये, पॉलिकार्बोनेट तडकतं आणि टीएसीही खराब होतं. सनस्क्रीनचे हातही काचेला लागू देऊ नयेत. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर गॉगल मुळीच ठेवू नये. तिथल्या उष्णतेने फिल्म आणि थर वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि पदर सुटतो.

दिवस मावळताना गॉगल कधी काढायचा, हे दोऱ्यावरून ठरवावं. रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतचा दोरा काचेतून दिसेनासा झाला, की गॉगल कडक डबीत ठेवावा आणि शिसं-गळापासून डोळे राखायला रंगहीन, साधा सुरक्षा-चष्मा चढवावा. तांबोशी मासळी बहुधा त्याच सुमाराला खडकाच्या बाहेर येते.